कसब्यात बाहेरचा कोण?

१६३०च्या सुमारास पुणे ओस पडले. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने गाव जाळले आणि तट पाडला. परंपरा सांगते की त्याने जमिनीवर गाढवांचा नांगर फिरवला आणि भर गावात लोखंडी पहार ठोकली. इथे पुन्हा कोणी वस्ती करू नये, असा त्या पहारीचा अर्थ होता. त्यानंतर काही वर्षांनी जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या. लाल महाल उभा राहिला आणि ठकारांच्या घराजवळ कसबा गणपतीची स्थापना झाली. पण देऊळ आणि वाडा बांधल्याने गाव वसत नाही, त्यासाठी माणसे लागतात आणि ती आणावी लागली. कसणाऱ्यांना पहिली काही वर्षे नाममात्र सारा आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढेल, असे कौल देण्यात आले.

कौल ही आपल्या इतिहासातली फार महत्त्वाची, आणि स्थलांतराच्या चर्चेत जवळजवळ कधीच न आठवली जाणारी, गोष्ट आहे. कौल म्हणजे राज्यकर्त्याने येणाऱ्याला दिलेला शब्द: ये, वस्ती कर, इतकी वर्षे तुला इतकी सूट आणि तुझ्या मालमत्तेला अभय. पेशवाईत पुण्याच्या नव्या पेठा वसल्या त्या याच पद्धतीने. शेटे-महाजनांना हक्क मिळाले, व्यापाऱ्यांना काही वर्षांची जकातमाफी मिळाली आणि त्या भरवशावर दूरदूरची माणसे आली. आलेल्याने काय करायचे आणि त्याला काय मिळणार, हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असे. आज युरोपात किंवा महाराष्ट्रात स्थलांतरावर होणाऱ्या भांडणांत नेमका हा करारच हरवलेला असतो. माणूस येतो, कामाला लागतो, पण त्याला कोणी शब्द दिलेला नसतो आणि त्याच्याकडूनही कोणी घेतलेला नसतो.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या आळ्यांची नावे वाचत गेले की कोण कोण आले त्याची यादीच समोर येते. तांबट आळीतले त्वष्टा कासार मूळचे कोकणातले. पेशव्यांच्या राजधानीत भांड्यांना आणि लष्करी सामानाला मागणी होती, म्हणून ते घाट चढून आले. तांब्याच्या पत्र्याला ठोके देत चकाकी आणि घट्टपणा आणायचे त्यांचे मठारकाम आजही थोड्या घरांत चालते. ज्या बंबात दोन-तीन पिढ्यांनी आंघोळीचे पाणी तापवले, ते बंब याच आळीतले. नागझरीच्या बाजूला कागदीपुरा. तिथले कागदी मुसलमान. हातकागदासाठी नावाजलेल्या जुन्नरहून ते आले, असे सांगितले जाते. पेशव्यांची दप्तरे, सावकारांच्या वह्या आणि पंचांगे यांना लागणारा कागद हाताने करणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. शिवाय बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी आणि व्यवहार आळी. थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन दर्गे याच पेठेत आहेत. पुण्येश्वर आणि नारायणेश्वर या जुन्या देवळांशी त्यांच्या जागांचा संबंध जोडला जातो आणि त्यावरून आजही वाद पेटतो.

ज्यांना आपण अस्सल पुणेरी म्हणतो ते कोकणस्थ ब्राह्मणही उशिरा आलेले. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. त्यांच्या मागोमाग नातेवाईक, कारकून, आश्रित आणि भिक्षुक देशावर आले. शनिवारवाडा १७३०–३२ मध्ये बांधला गेला तेव्हा हे सारे नवखे होते आणि जुन्या देशस्थ घराण्यांना ते नवखेच वाटत. शंभर वर्षे उलटण्याच्या आत शहराच्या बोलीवर, स्वयंपाकावर आणि शिष्टाचारावर त्यांची छाप बसली होती.

या चित्राची एक बाजू मात्र काळी आहे आणि ती झाकून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. कसब्याने आलेल्यांना सामावून घेतले ते जातीच्या चौकटीत. प्रत्येकाची आळी वेगळी, पाणवठा वेगळा, सोयरीक वेगळी. आणि जे सर्वांत आधीपासून इथे होते, ज्यांनी गावाची राखण केली, वेसकरी केली, त्या महार-मांगांना वस्ती गावकुसाबाहेर. पेशवाईत शहरातल्या त्यांच्या वावरावरसुद्धा निर्बंध होते. म्हणजे परका ठरण्यासाठी दूरवरून यावे लागत नाही. श्रीवर्धनचा माणूस एका पिढीत आतला होतो आणि वेशीवरचा महार वीस पिढ्या बाहेरचा राहतो. आत-बाहेर ठरवणारी रेघ माणसे आखतात. हे ध्यानात घेतल्याखेरीज स्थलांतराबद्दल काहीही बोलले तरी ते अर्धेच राहते.

आता स्थलांतर आणि हिंसा यांच्या प्रश्नाकडे येतो. बाहेरचे लोक वाढले की अतिरेकी हिंसा येते, असे आज जगभर म्हटले जाते. पॅरिस आणि बर्लिनमध्ये त्याचा रोख अरब आणि आफ्रिकी मुसलमानांवर असतो, मुंबईत उत्तर भारतीयांवर, तर कधी बंगाली बोलणाऱ्या कोणावरही. याला उलटे उत्तर देणारेही तयार असतात: हिंसा गरिबीतून आणि भेदभावातून येते, नोकऱ्या द्या म्हणजे ती थांबेल. ही दोन्ही उत्तरे इतक्या सवयीने दिली जातात की ती पडताळून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कसब्याच्या आसपास, पायी फिरून होईल एवढ्या टापूत, गेल्या अडीचशे वर्षांत ज्या गाजलेल्या राजकीय हत्या आणि दंगली झाल्या, त्यांच्यावर ही उत्तरे पडताळून पाहू.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवारी चालवल्या त्या गारद्यांनी, म्हणजे परमुलखातून आलेल्या भाडोत्री शिपायांनी. सुमेरसिंग गारद्याचे नाव आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे. परक्याच्या हातून झालेल्या हिंसेचे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. पण हे गारदी कोणासाठी आत शिरले? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषाचे बोट चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, वळवले. हत्यार बाहेरचे होते. कट घरातला होता.

पुढचा प्रसंग १८९४चा, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यांत तो सर्वांत शिकवून जाणारा आहे. त्याआधी पुण्याचा मोहरम हा फक्त मुसलमानांचा सण नव्हता. हिंदू ताबूत बसवत, नवस बोलत, मिरवणुकीत नाचत, वाजवत. तांबट, शिंपी, कुणबी, माळी अशा सर्व जातींची माणसे त्यात असत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. सरकार मुसलमानांची बाजू घेते, ही भावना पुण्यात पसरली. सार्वजनिक गणेशोत्सवाचे रूप त्याच सुमारास घडले. कसबा गणपतीला पुढे मानाचा पहिला गणपती हे स्थान मिळाले ते याच परंपरेत. जुलै १८९४च्या मोहरमकडे हिंदूंनी मोठ्या प्रमाणात पाठ फिरवली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या दिवसांत, नागझरीवरच्या दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढून वाजतगाजत मेळा जाण्यावरून दंगल झाली.

लोकांना एकत्र आणणारा उत्सव म्हणून गणेशोत्सवाने महाराष्ट्राला खूप दिले आहे. कार्यकर्ता घडला, कलावंत घडला, गल्लीगल्लीत संघटना उभी राहिली. ते मोल मी कमी करत नाही. पण १८९४चा हिशेब मांडताना दुसरा रकानाही भरावा लागतो. एक सामायिक प्रसंग मोडला आणि त्याच्या जागी दोन वेगळे प्रसंग उभे राहिले. दंगल करणाऱ्या दोन्ही बाजू पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्याच होत्या. त्या वर्षी कोणी नवे आलेले नव्हते. बदलले होते ते एकत्र येण्याचे निमित्त.

तीन वर्षांनी प्लेग आला. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाखाली गोरे सोजीर घरांत शिरले, देवघर-स्वयंपाकघर न पाहता झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, बायाबापड्यांची तपासणी झाली, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. चापेकर बंधू चिंचवडचे, एका कीर्तनकाराचे मुलगे. परकी सत्ता आणि तिचा जुलूम यांच्याविरुद्धचे ते कृत्य होते, आणि आजच्या बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवणे मला मान्य नाही. पण तरुण माणूस शस्त्रापर्यंत कसा पोचतो, हे समजून घ्यायला दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त फार उपयोगी आहे. सख्खे भाऊ आणि मोजके मित्र, तालीम, बाहेरच्यांपासून राखलेले गुपित, लष्करात शिरण्याची हुकलेली इच्छा, धर्म बुडतो आहे ही तळमळ. या मंडळींनी आधी हात उगारला तो गोऱ्यांवर नव्हे, तर पुण्यातल्या सुधारकांवर. पुढे तीच वाट गणेशखिंडीपर्यंत गेली.

आणि २० ऑगस्ट २०१३. कसब्यालगतच्या शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. शिक्षा झालेले दोघे महाराष्ट्रातच वाढलेले, मराठीच बोलणारे होते.

पेठेच्या थोडे पलीकडे गेलो तरी चित्र फारसे पालटत नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मेले. त्या खटल्यात शिक्षा झालेला एकमेव आरोपी मराठवाड्यातला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला कटाच्या आरोपातून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला ठार मारले. तो सोलापूरहून नोकरीसाठी आलेला होता, दाढी आणि टोपीमुळे तो हेरला गेला, आणि ज्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहर पेटले होते त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे २०२३ मध्ये सर्व आरोपी सुटले. स्थलांतर आणि हिंसा यांचा संबंध शोधायचाच असेल तर पुण्यात तो इथे सापडतो: आलेला माणूस मारला गेला.

पुण्याचा अनुभव जगावेगळा आहे का? ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये ५२ जणांचे प्राण घेणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत आणि उटोया बेटावर ७७ माणसे मारणारा अँडर्स ब्रेविक नॉर्वेचाच. त्याचा राग स्थलांतरितांवर होता, पण त्याने बहुतेक गोळ्या झाडल्या त्या मजूर पक्षाच्या शिबिराला आलेल्या स्वदेशी पोरांवर. पुन्हा तीच गोष्ट: आधी आपल्यातल्या ‘फितुरांना’ धडा.

उलट बाजूचे पुरावेही नीट मांडले पाहिजेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० जणांचा बळी घेणाऱ्या टोळीतले काही जण निर्वासितांच्या लोंढ्यातून ग्रीसमार्गे युरोपात शिरले होते. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घालणारा ट्युनिशियाचा तरुण आश्रयाचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही तिथेच राहिला होता. सीमेवर कोण येते हे पाहणे, येणाऱ्याची ओळख पटवणे, नाकारलेल्याला परत पाठवण्याची यंत्रणा चालू ठेवणे ही सरकारची कामेच आहेत. ती मागणाऱ्याला द्वेष्टा ठरवून उदारमतवाद्यांनी स्वतःच्या बाजूचे फार नुकसान करून घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरिबीच्या उत्तराचे काय? अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी उपलब्ध माहिती तपासून दाखवले की दहशतवादी कृत्यांत पडणारे लोक आपल्या समाजातल्या सरासरीपेक्षा अधिक गरीब किंवा अधिक अशिक्षित नसतात. मार्क सेजमन यांनी अशा शेकडो तरुणांच्या वाटा अभ्यासल्या. त्यांत विचारप्रणालीच्या आधी मैत्री आणि नातेसंबंध दिसतात: एकत्र राहणारी, एकमेकांत रमणारी, बाहेरच्यांशी बोलणे हळूहळू थांबवणारी पोरे. फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रुआ यांचे म्हणणे असे की युरोपातले बरेचसे हल्लेखोर दुसऱ्या पिढीचे आहेत, आईबापांचा धर्म आणि भाषा त्यांच्याकडून सुटलेली असते आणि नव्या देशाने त्यांना जवळ केलेले नसते. जिल केपेल हे त्यांचेच देशबंधू याला कडाडून विरोध करतात. कट्टर सलफी प्रचाराचा वाटा रुआ कमी लेखतात, असा त्यांचा आक्षेप आहे. मला दोघांचेही थोडे थोडे पटते. प्रचाराविना ठिणगी पडत नाही, पण तोच प्रचार ऐकणारी हजारो पोरे घरी जाऊन जेवून झोपतात. फरक पडतो तो ज्या चार-सहा जणांना त्या गटाबाहेर कोणी उरलेलेच नसते त्यांच्यात.

म्हणून ‘मिसळले का?’ हा प्रश्न मला ‘किती आले?’ यापेक्षा मोलाचा वाटतो. आणि मिसळणे म्हणजे शेजारी राहून नमस्कार-चमत्कार करणे एवढेच नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या जोड्या लावून हे तपासले, त्याचे पुस्तक २००२ मध्ये आले. त्यांचा निष्कर्ष असा की मोठ्या शहरात निव्वळ शेजारधर्म दंगलीपुढे टिकत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा संस्थांत दोन्ही समाज एकत्र असतील तर अफवा वेळीच विझते. सुरतचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. डिसेंबर १९९२ मध्ये सुरत पेटली, पण धंद्याच्या धाग्यांनी बांधलेला जुना गावभाग तुलनेने शांत राहिला. हिंसा झाली ती मुख्यतः बाहेरच्या झोपडपट्ट्यांत, जिथे कारखान्यांसाठी नुकतेच आलेले मजूर राहत होते आणि त्यांना जोडणारी एकही संस्था नव्हती. स्थलांतर आणि हिंसा यांचा खरा दुवा मला या ठिकाणी दिसतो. माणूस आल्याने हिंसा झाली नाही. आलेल्या माणसाला कोणत्याही संस्थेत जागा नव्हती.

महाराष्ट्रातलाच पुरावा भिवंडीचा. हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे हे गाव उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी भरलेले. १९७० आणि १९८४ मध्ये इथे भीषण दंगली झाल्या आणि भिवंडी म्हणजे दंगल असे समीकरणच बनले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस, आणि दंगल नसतानाही नियमित बैठका. नळाचे भांडण, गटार, पोरांची मारामारी असले विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. लोकसंख्या तीच होती, धर्म तेच होते, स्थलांतरितही तेच होते.

कसब्यातही अशी एक रात्र येऊन गेली आहे. मार्च २०२४ मध्ये धाकट्या शेख सल्ला दर्ग्याजवळच्या अनधिकृत बांधकामावर महापालिका कारवाई करणार, अशी बातमी पसरली आणि मध्यरात्री हजारोंचा जमाव जमला. समाजमाध्यमांवर भडकावणारे दोन्ही बाजूंना होते. पोलीस, महापालिका आणि दर्ग्याचे विश्वस्त यांची बोलणी झाली आणि विश्वस्तांनी ते बांधकाम दुसऱ्या दिवशी स्वतःच काढून घेतले. जागेच्या मालकीचा आणि इतिहासाचा वाद त्याने मिटलेला नाही. पण त्या रात्री बोलायला माणसे ओळखीची होती, ही गोष्ट छोटी नाही.

‘आमच्या नोकऱ्यांचे आणि भाषेचे काय?’ हा मराठी माणसाचा प्रश्न खोटा नाही. १९६१च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा असलेले सुमारे ४३ टक्के होते आणि कार्यालयीन नोकऱ्यांत ते मागे होते. १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली ती या सलावर. २००८ मध्ये उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा पुण्या-नाशकातून मजूर गाड्या भरून परतले आणि बांधकामे बंद पडली. मराठी मुलांना त्यातून काय मिळाले? माझ्या मते मराठीचा आग्रह धरावाच, आणि तो शाळेत, कार्यालयात, नव्याने येणाऱ्यासाठी मोफत मराठी वर्गांत धरावा. जर्मनीने १९६१ पासून तुर्की कामगार आणले, पण ते परत जाणार या समजुतीने त्यांच्या भाषाशिक्षणाकडे दशकानुदशके लक्ष दिले नाही, आणि त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्वाची वाट २००० साली उघडली. त्या उशिराची किंमत तो देश अजून मोजतो आहे.

आज रविवार पेठेत आणि कसब्यात सोन्याचे दागिने घडवणारे बरेच हात पश्चिम मेदिनीपूरच्या घाटाल-दासपूर पट्ट्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले आहेत. जुन्या वाड्यांतल्या अरुंद खोल्यांत ते भट्टीजवळ काम करतात आणि बऱ्याचदा तिथेच झोपतात. त्यांची बोली बंगाली असल्याने पोलिसांच्या मोहिमांत त्यांच्याकडे आधी संशयाने पाहिले जाते. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून उचलून बांगलादेशात ढकललेले काही मजूर भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. घुसखोर शोधायला हवेत, याबद्दल दुमत नाही. पण आज या कारागिराची शहराशी लिखित ओळख असते ती बहुधा पोलीस ठाण्यातल्या भाडेकरू पडताळणीच्या अर्जापुरती. त्याच्या कारखान्याची नोंद, त्याचा विमा, भट्टीच्या धुराची आणि आगीची तपासणी, मुलांचा महापालिका शाळेतला प्रवेश आणि मराठीचा वर्ग, सराफ संघात आणि पेठेच्या शांतता समितीत त्याच्यातल्या एखाद्याला खुर्ची: हे सारे आत्ताच्या कायद्यांत आणि आत्ताच्या संस्थांत करता येण्याजोगे आहे. सतराव्या शतकातल्या जहागिरीला कौल लिहून देणे जमले होते. महापालिका, सराफ संघ आणि पोलीस चौकी यांना ते एकत्र बसून लिहायला कोणीही मनाई केलेली नाही.